बेकनचा डोहाळा

ऋजुताला चौथा महिना लागला होता आणि वजन वाढायचं सोडून तीन किलो उतरलं होतं. फोडणीचा नुसता वास आला की पोटात ढवळायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “आठवडाभरात अन्न टिकलं नाही, तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावू.”

नवरा शंतनू सकाळीच पीथमपूरच्या बसनं कामावर गेला होता. धारच्या घरात सासूबाई, सरलाबाई, तिच्या उशाशी बसल्या. केसांतून हात फिरवत म्हणाल्या, “डोहाळे मनात कोंडू नयेत गं. काय खावंसं वाटतं, सांग बरं.”

ऋजुता शिकायला दोन वर्षं जर्मनीत होती. तिथं सकाळी डुकराच्या मांसाचे खारवलेले, धुरावलेले काप तव्यावर कुरकुरीत व्हायचे. लग्नानंतर तिनं ते सोडलं. जीभ मात्र तिकडेच राहिली होती. ओठांतल्या ओठांत निघून गेलं, “बेकन.”

सरलाबाईंचा हात थांबला. “श्रावणात?”

ऋजुतानं लाजेनं डोळे मिटून घेतले.

“बघते,” म्हणून त्या उठल्या. मग ओसरीवरून आवाज आला. देवासच्या बहिणीला, विनोदिनीला, फोन लागला होता. “अगं, तेच मागितलंन् पोरीनं. माहितेय मला, या दिवसांत घरात येत नाही ते. चाळीस वर्षांत आलं नाही. पण लेकराच्या पोटात कण ठरत नाही गं. पाप लागायचं तर मला लागू दे.”

ऋजुतानं उशीत तोंड खुपसलं. माझ्यासाठी ही माउली मांस रांधणार!

दुसऱ्या दिवशी परसात शेणाचे कंडे पेटले. तेल नाही, फोडणी नाही. निखाऱ्यावर तुपाचा थेंब पडला आणि धूर तेवढा दरवळत आत आला. पोट ढवळलं नाही. उलट तोंडाला पाणी सुटलं.

सरलाबाईंनी ताटली पुढे केली. लांब, पातळ, काळपट-तांबूस काप, गूळ-मीठ-तिखट मुरलेले. ऋजुतानं एक मोडला. कुर्रकन वाजला. मग दुसरा, तिसरा. ताटली रिकामी झाली.

“आई, हे कसलं आहे?”

“कसलं म्हणजे? तूच नाही का म्हणालीस, बैंगन!” या घरात भाज्यांची नावं बाजारातून हिंदीतच यायची. “तिरल्याच्या भाजीवाल्या भियाकडून कोवळी बघून आणली. चातुर्मासात आपल्याला वांगं वर्ज्य, म्हणून काल जरा दचकले, एवढंच.”

ऋजुता हसली, रडली आणि सगळं सांगून बसली. सरलाबाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की ठसका लागला.

“देवानं माझे कान वेळेवर म्हातारे केले गं बाई!”

संध्याकाळ झाली, तरी खाल्लेलं पोटात होतं. निखारे पुन्हा फुलले. सासरे भास्करराव सुनेसाठी नेम मोडून ताटावर बसले; रक्तदाबाचं पथ्य, म्हणून त्यांचे काप अळणी. सरलाबाईंचा स्वतःचा नेम तसाच, म्हणून त्यांनी खोबऱ्याच्या कातळ्यांना तीच धुरी दिली. ऋजुताच्या ताटात दोन्ही.

“वाढ आणखी,” भास्करराव म्हणाले, “तुझं ते... काय ते जर्मन वांगं!”

ऋजुतानं वाकून सासूबाईंच्या पायांना हात लावला. त्यांनी तिला वरच्यावर धरलं आणि जात्यावर बसल्यासारखं गुणगुणल्या,

“सुनेला डोहाळे, साता समुद्रांच्या पार,
सासूच्या कानाने, ताट झालं गं तयार.”

“आई, मी मागितलं त्याहून हे चांगलं आहे,” ऋजुता म्हणाली, आणि तिनं ताटली पुन्हा पुढे केली.