मोहनाबाईंचं मशीन

ऑपरेशनच्या वेळी होणारा धूर ओढून घ्यायचं मशीन आमच्या हॉस्पिटलात तीन वर्षांपासून आहे, आणि तीन वर्षं तो धूर मीच ओढते आहे. हे मी मेट्रनला सांगून झालं, मॅनेजरला सांगून झालं, सर्जनना तर दर सोमवारी सांगते. पालथ्या घड्यावर पाणी.

मी निरुपमा. बडोद्यात अकोट्याच्या बाजूला एक मध्यम आकाराचं हॉस्पिटल आहे, तिथे थिएटर सिस्टर. एकोणीस वर्षं झाली. हल्ली चिरफाडीसाठी चाकू कमी आणि कॉटरी जास्त वापरतात. कॉटरी म्हणजे विजेवर चालणारी पेनासारखी कांडी. ती मांस कापते आणि तिथल्या तिथे रक्तही थांबवते. फार गुणाची वस्तू, पण मांस जळलं की धूर हा होणारच. सर्जनच्या समोर, टेबलाच्या पलीकडे कोण उभं असतं? मी. तोंडावरचा कापडासारखा साधा मास्क पेशंटला माझ्या थुंकीपासून वाचवतो. तो धूर त्याला जुमानत नाही. घरी गेल्यावर केसांना जळकट वास येतो, म्हणून मी रोज डोक्यावरून अंघोळ करते आणि शेजारणींना वाटतं, माझे बारा महिने उपासतापास चालू आहेत.

आता त्या मशीनविषयी. मानसिंगराव म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांचं जुनं संस्थानी कारभाऱ्यांचं घराणं. त्यांनी बायकोच्या स्मरणार्थ ते दिलं. वर पितळी पाटी आहे: 'कै. सौ. मोहना यांच्या स्मृतीस.' ज्या दिवशी आलं त्या दिवशी पेढे वाटले, फोटो काढले, आणि प्लॅस्टिकच्या कव्हरसकट ते थिएटरबाहेरच्या स्टोअरमध्ये जे गेलं ते गेलंच. तपासणीचे लोक आले की रणवीर, आमचा टेक्निशियन, त्याला ढकलत आत आणून ठेवतो. ते जिना उतरायच्या आत मशीन परत स्टोअरमध्ये.

मी विचारलं की रणवीर म्हणायचा, "सिस्टर, दानमां आवेलुं छे. पाटीला ओरखडा पडला तर? आणि एनुं फिल्टर वापरलं की संपतं. जपून ठेवूया."

अरे बाबा, फिल्टर संपण्यासाठीच असतो. माझी फुप्फुसं जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. दिवाणखान्यातल्या सोफ्याचं प्लॅस्टिक दहा दहा वर्षं न काढणारी माणसं आम्ही, थिएटरमध्ये आलो म्हणून काय बदलणार?

आमचे सर्जन डॉक्टर दिग्विजय यांचं कारण वेगळं. त्यांनी तसलं मशीन कुठल्याशा परिषदेत चालू असताना ऐकलं होतं. "निरुपमाबेन, अवाज बहु करे छे. माझं लक्ष लागणार नाही. आणि एवढ्याशा धुरानं कोण मेलंय?" थिएटरमध्ये जुनी गाणी मोठ्यानं लावणाऱ्या माणसाचं आवाजानं लक्ष लागत नाही म्हणे.

मेलं कुणी नव्हतं. मी मात्र खोकत होते. दोन जिने चढले की धाप. छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, माझ्या वयाच्या बाईला जेवढा श्वास जोरात बाहेर टाकता यायला हवा, त्याच्या बासष्ट टक्केच मी टाकते. मागल्या वर्षी एकाहत्तर होता. "धुरामुळेच असं छातीठोक नाही सांगता येत," ते म्हणाले. "पण धुरातून बाहेर या, किंवा धूर तरी बाहेर काढा. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं."

माझा नवरा अनुप रिफायनरीत सेफ्टीला आहे. तो संतापला. "आमच्याकडे मास्कशिवाय गेटातून आत सोडत नाहीत, आणि तुम्ही शिकलेली माणसं बंद खोलीत उभी राहून धूर खाता?" त्यानेच मला ओपीडीत बदलीचा अर्ज लिहायला बसवलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी द्यायचा ठरला. ओपीडी म्हणजे टोकनं वाटायची आणि वजन करायचं. ऑपरेशनमध्ये सर्जननं हात पुढे केला की न मागता नेमकं अवजार त्या हातात ठेवणं, एवढी एकच विद्या मला येते. ती सोडून वजनकाट्याशी उभं राहायचं या विचारानं मी दोन रात्री रडले. खोटं कशाला सांगू?

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी ठरवलेली ऑपरेशनं नसतात. रणवीर सकाळीच खंडेराव मार्केटमधून झेंडू आणतो, स्टोअरमध्ये टेबल मांडून कात्र्या-चिमटे ठेवतो, आणि मधोमध मोहनाबाईंचं मशीन. कव्हरवरूनच हळदकुंकू, कव्हरवरूनच हार. पूजेला दर वर्षी मानसिंगराव स्वतः येतात. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. हारावर हात ठेवून मिनिटभर डोळे मिटतात, मग सगळ्यांना आपट्याची पानं देतात आणि आम्ही फाफडा-जलेबी खातो.

यंदा ते डोळे मिटून उभे होते आणि मला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. मी भिंतीला टेकले. त्यांनी डोळे उघडले.

"सिस्टर, हा खोकला कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, काका."

"थिएटरमध्येच असता ना तुम्ही?" ते गोंधळले. "मग हे मशीन असताना?"

डॉक्टर दिग्विजयांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला नीट कळला, पण अर्ज पर्समध्येच होता. आता कुणाला घाबरायचं?

"काका, हे मशीन आम्ही पुजतो," मी म्हणाले. "चालवत नाही."

रणवीरनं जलेबीची बशी खाली ठेवली. मानसिंगरावांनी हार काढला, कव्हर ओढायला लागले. ते घट्ट बसलं होतं, म्हणून मीच ओढून काढलं. कुंकू सगळ्या टेबलावर सांडलं. मी प्लग लावला. मशीन घुर्र करून सुरू झालं, आणि छोट्या पडद्यावर हिरवा आकडा उमटला. तोवर एकूण किती तास चाललं, ते तिथे दिसतं.

त्यांनी चष्मा वर करून, वाकून वाचलं. शून्य.

"तीन वर्षं मी इथे येऊन हात जोडतो," ते म्हणाले. "दर वेळी मनात तिला सांगतो, बघ, तुझ्या जागी उभ्या राहणाऱ्या मुलींना आता त्रास नाही."

"तिच्या जागी म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोहना थिएटर सिस्टर होती. बत्तीस वर्षं, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. आमच्या घरात सिगरेट कुणी ओढली नाही, चूल कधी नव्हती. शेवटची चार वर्षं ती बसल्या बसल्या झोपायची, आडवी झाली की गुदमरायची. कशामुळे, ते कुणी सांगू शकलं नाही. देणगीच्या पत्रात हे सगळं लिहिलं होतं मी. वाचलं नाही का कुणी?"

कुणीच वाचलं नव्हतं. मीही नाही. तीन वर्षं पाटी पुसली, आणि ही बाई कोण हे विचारावंसं मला एकदाही वाटलं नाही. इतरांवर चिडण्यात मी पटाईत, त्या दिवशी स्वतःवर चिडले.

डॉक्टर दिग्विजयांनी वाकून ते शून्य स्वतः वाचलं आणि म्हणाले, "रणवीर, सोमवारी पहिल्या केसला आ मशीन अंदर जोईए. आत पाहिजे म्हणजे पाहिजे."

सोमवारी मशीन आत होतं. आवाज होतो, खरंच होतो. पहिल्या दिवशी डॉक्टर दोनदा कुरकुरले, तिसऱ्या दिवशी त्यांनी गाणीच बंद केली. अर्ज मी दिला नाही, पण फाडलाही नाही. माणसांचा काय भरवसा?

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला मानसिंगरावांचा फोन येतो. इकडचं तिकडचं काही नाही. "आज किती?" मी पडद्यावरचा आकडा सांगते. चार तास. अकरा तास. दोनशे सहा तास. "बरं," म्हणतात आणि ठेवतात.

काल छातीच्या डॉक्टरांनी मला परत नळीत फुंकायला लावलं. सातला फोन आला. "आज किती?"

"बासष्ट टक्के," मी म्हणाले. "मशीनचा आकडा नाही, काका, माझ्या श्वासाचा. तीन महिन्यांपूर्वीही बासष्टच होता. खाली गेला नाही."

या खेपेला त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला नाही.

"मोहनाचा आम्ही कधी मोजलाच नाही," ते म्हणाले.