नवरा-बायकोचा पारा

मी एक जुना जोडपारा आहे. हसू नका मित्रांनो, नावच तसं आहे. सागाच्या फळीवर काचेच्या दोन नळ्या, दोन्हींत पारा. एक नळी कोरडी. दुसरीच्या बुडाला चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या पितळी वाटीत सोडलेलं. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं, ती नळी गार होते आणि तिचा पारा खाली उतरतो. हवा दमट असली की पाणी उडत नाही, मग दोन्ही पारे एका रेघेवर येतात. एवढंच माझं शिक्षण.

कलकत्त्याहून पेंढ्यात गुंडाळून मला भिलाईला आणलं तेव्हा पोलादाचा कारखाना नुकताच उभा राहत होता. पाइपांच्या शेडमध्ये मला खांबावर टांगलं. तिथे मोठमोठ्या नळांचे सांधे ताग आणि लांबी, म्हणजे लुकण, भरून बंद करत. शेंदूर जवसाच्या तेलात मळून ती लांबी करायचे. कोरड्या उन्हाळी हवेत ती तीन दिवसांत दगडासारखी होई. पावसाळी हवेत मात्र वरून कातडी धरी आणि आत आठ-दहा दिवस लोण्यासारखी मऊ राही. बाहेरून काही कळायचं नाही. म्हणून नियम होता, पारे एका रेघेवर असतील तर सांध्याला हात लावायचा नाही.

सांधे भरायचा फकिरा. भंडाऱ्याकडचा शेतातला गडी, इथे रोजंदारीवर. त्याची बायको मैनाबाई शेडमध्येच मजुरीला होती आणि रोज सकाळी माझी वाटी भरायची. माझं बारसं फकिरानेच केलं. पारे लांब दिसले की ओरडायचा, "भांडले बाप्पा नवरा-बायको! चला, भरा सांधे." एका रेघेवर दिसले की म्हणायचा, "आज लय गोडीगुलाबी हाय. आज काम नाई." सगळी शेड मला बघून कामाला लागे. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा पार फुगून गेलो होतो.

मग वैशाखात मैनाबाईची पोर तापाने फणफणली. बाई दोन दिवस आली नाही. वाटी आटली, चिंधी वाळून कडक झाली. वाळकी चिंधी नळीला गार कशी करणार? दोन्ही पारे एका रेघेवर आले. बाहेर अंग भाजणारी लू, आणि इकडे मी सांगतोय हवा ओलीचिंब! नियम म्हणजे नियम, फकिराने काम थांबवलं. तिसऱ्या दिवशी फोरमन शेषराव आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "अबे, भर वैशाखात दमट हवा? डोकं हाय का खोकं?" सारी शेड खदखदून हसली. फकिराने मान खाली घातली. चूक माझी, आणि हसू त्याचं झालं. मला फार लाज वाटली. मैनाबाईने परत येऊन वाटी भरली तसे पारे पुन्हा लांब झाले, पण मधे काय बिघडलं होतं ते कुणी पाहिलं नाही.

श्रावणात शेषरावांनी त्याला सांगितलं, "फकिरा, हा मोठ्या नळाचा सांधा चाचणीत टिकला का तुझं नाव कायमच्या यादीत." कायम म्हणजे क्वार्टर. सुपेला वस्तीतली गळकी झोपडी सुटणार म्हणून मैनाबाई आठ दिवस हवेतच होती.

नेमकी पावसाची झड लागली. दोन्ही पारे एका रेघेवर आले, या वेळी अगदी खरेखुरे. मैनाबाईने वाटी काठोकाठ भरली. पारे हलेनात.

"कावून हालत नाई जी हे?"

"बिघडला असन," फकिरा म्हणाला. "मांगं बी यानं असंच केलं. सारे हासले मले."

क्वार्टरच्या घाईत त्याने सांधा भरला. तिसऱ्या दिवशी लांबीवर अंगठ्याचं नख दाबलं. वरची कातडी कडक लागली. "सुकली," तो म्हणाला. अरे, आत कच्ची आहे ती! पण मी ओरडणार कसा? मला एकच गोष्ट सांगता येते आणि ती मी केव्हाची सांगत होतो.

चौथ्या दिवशी नळात पाणी सोडलं. लाल चिखल फचकन बाहेर आला आणि पाठोपाठ पाण्याचा लोंढा. "तुझा हातच कच्चा हाय," शेषराव म्हणाले आणि त्यांनी हजेरीतून त्याचं नाव खोडलं. फकिरा आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी ती दोघं पोरीला घेऊन गेली. जाता जाता मैनाबाईने सवयीने माझी वाटी भरली. तेव्हा मला फुटून जावंसं वाटलं.

आश्विनात ऊन पडलं. वाटी आता दुसरीच मजूर बाई भरायची. मला कुणी दुरुस्त केलं नव्हतं, तरी पारे आपोआप लांब झाले. शेषराव बघत उभे राहिले. पुढे होऊन त्यांनी चिंधीला बोट लावलं. बोट ओलं झालं. "म्हणजे तवा हा खरंच सांगून राहिला होता," ते हळूच म्हणाले. त्यांनी हजेरीच्या वहीत फकिराचा पत्ता शोधला. गावाच्या रकान्यात नुसतं जिल्ह्याचं नाव लिहिलेलं होतं, 'भंडारा'.

आता मी गोदामाच्या फळीवर पडून आहे. वाटी हरवली आणि चिंधी उंदरांनी नेली. दोन्ही पारे कायमचे एका रेघेवर आहेत. मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या खांबावर टांगलेलं असेल तर त्याची वाटी रोज भरा. आणि त्याला खोटं ठरवण्याआधी चिंधीला एकदा बोट लावून बघा. फकिराचं तेवढंच करायचं राहिलं.