खिडकीजवळचं टेबल

माझ्या हातून एखादा खिळा सरळ ठोकला गेल्याचं घरात कुणाला आठवत नाही. माझी सगळी नोकरी वाचनालयात गेली. तिथेही पुस्तक पडलं की आधी मी दचकायचो. माझी मुलगी मात्र सुतार झाली. मामाच्या कारखान्यात शिकली आणि तिथेच कामाला लागली. मी काळजी करायला लागलो तेव्हा तिची आई म्हणाली, "माझाच भाऊ आहे, खाणार नाही तिला."

यंदा मेहुण्याचे गुडघे थकले. खिडकीजवळचं त्याचं मोठं टेबल तो ज्याला देईल तोच पुढे कारखाना सांभाळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उंच असल्यामुळे ज्याला सगळे 'शिडी' म्हणतात, तो जुना कारागीर तर आतापासूनच तिथली काच पुसू लागला होता. मुलीलाही ते टेबल हवं होतं. ती तसं म्हणाली नाही, पण जेवताना तिचं बोलणं फिरून फिरून त्या खिडकीवर यायचं.

ठरवण्याआधी मेहुण्यानं तिला एकटीला एक काम दिलं. आमच्या वाचनालयाचं नवं काउंटर. जुनं त्यानं स्वतः केलेलं होतं.

त्या कारखान्याची एक रीत आहे. उभं राहून वापरायचं टेबल तयार झालं की मेहुणा त्याला पोट लावून उभा राहतो. कड त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लागली की माल पास. मुलीचं काउंटर झालं त्या दिवशी मी तिथे होतो. कड पट्ट्याच्या बरीच खाली राहिली.

"बसकं झालं," शिडी म्हणाला. "बालवाडीत खपेल."

मेहुणा माझ्याकडे वळला. "भावोजी, टेप सोडून ही तुमच्यासारखी पुस्तकं वाचत बसली होती का?"

"मी माझ्या पट्ट्याला घेतलंय, मामा," मुलगी म्हणाली.

"तू काय तिथे पुस्तकं देणार आहेस?"

"मापं घ्यायला गेले तेव्हा ग्रंथपाल बाई स्टुलावर उभ्या राहून देत होत्या. एक पाय सावरत. आता तिथे सगळ्या बायकाच आहेत, आणि तुमच्याएवढी उंच एकही नाही."

"इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही."

"त्यांना वाटलं, आपणच बुटक्या."

मेहुण्यानं पट्ट्यापासून कडेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. दुसरं करायला वेळ नव्हता. "चला," तो म्हणाला, "जाऊन नाक कापून घेऊ."

टेम्पोत मुलगी नखं खात होती. मी तिला धीर द्यायला तोंड उघडलं आणि दोर घट्ट बांधलाय ना, एवढंच विचारलं.

काउंटर जागेवर बसलं. बाई त्यामागे गेल्या. सवयीनं पायानं स्टूल चाचपलं, मग थांबल्या आणि जमिनीवरच उभ्या राहिल्या. त्यांनी पुस्तकांचा एक गठ्ठा पुढे ओढला, शिक्के मारले. अजून एक ओढला. मग स्टूल पायानंच मेहुण्याकडे सरकवलं.

"हे घेऊन जाल का? पायात येतं."

परतताना मेहुण्यानं ते स्टूल मांडीवर धरलं होतं. कारखान्यात शिरताच तो म्हणाला, "पोरी, खिडकीपाशी उभी राहा." मोठ्या टेबलाची कड तिच्या बरगडीला लागली. त्यानं पेन्सिलीनं टेबलाच्या पायांवर खुणा केल्या.

"मालक, तुमच्या वडिलांचं टेबल आहे ते," शिडी म्हणाला.

"माहितीये. मी शिकत होतो तेव्हा फळीवर उभा राहायचो इथे. पण मी वाढलो. ही आता कुठली वाढतेय?" त्यानं करवत मुलीच्या हातात दिली. "तूच काप. टेबल तुझंय."

तिनं करवत घेतली, पण डोळे पुसल्याशिवाय तिला खूण दिसेना. शिडी थोडा वेळ काचेकडे बघत राहिला, मग येऊन त्यानं टेबल आडवं करून धरलं.

"यावर काही करायचं म्हटलं तर माझी पाठ मोडणार."

"बसून कर," मेहुणा म्हणाला. "स्टूल आणलंय तुझ्यासाठी."

शिडी हसला. टेबल हलायला लागलं म्हणून मुलगी त्याला ओरडली, आणि त्यानं मुकाट्यानं नीट धरलं.

मला मेहुण्याचे आभार मानायचे होते. एक चांगलं वाक्य मनात जुळवलंही. जवळ गेलो, आणि ते ऐनवेळी पुस्तकी वाटलं. म्हणून कोपऱ्यातला झाडू उचलला आणि पडलेला भुसा गोळा करू लागलो.

"भावोजी, राहू द्या," मेहुणा म्हणाला. "पोहोचलं."