दोन वर्षांनी मोठा

साठी झाली की कामाचं परमिट वाढवून मिळणार नाही, असा नवा नियम कारखान्याच्या फळ्यावर लागला, तेव्हा मिस्त्री गालातल्या गालात हसला. कागदोपत्री तो पुढच्या महिन्यात साठ पुरी करणार होता, पण खऱ्या वयाने अठ्ठावन्नच. या परक्या देशात सव्वीस वर्षं त्याने शाळांचे बाक बनवले होते. आणखी दोन वर्षं मिळाली की धाकट्या लेकीचं नर्सिंग पुरं होणार होतं. त्याचं मागणं तेवढंच होतं.

वय कसं वाढलं, ती गोष्ट त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या पाचही कामगारांना तोंडपाठ होती. दादा पहिलीत गेला तेव्हा हा चार वर्षांचा. दादा निघाला की हा उंबऱ्यावर भोकाड पसरायचा, गल्ली गोळा व्हायची. अखेर हेडमास्तरांनीच हात टेकले आणि वय किती म्हणून विचारलं. बाबांनी बिनदिक्कत सहा सांगितलं. हेडमास्तरांनी तेच लिहून घेतलं, जे पुढे पासपोर्टवरही चढलं, आणि सख्खे भाऊ एका वर्गात बसले. दादा रोज पुढे पळत जाऊन खिडकीजवळच्या बाकावर दप्तर टाकायचा, याची जागा धरायला. म्हणून तर कारखान्यात बाक तयार झाला की मिस्त्री आधी स्वतः त्यावर बसून बघायचा, आणि तेही डाव्या कडेला, दादासाठी जागा सोडून. मुकादम म्हणायचा, डुगडुगतो का बघतोय. मिस्त्री त्याला तसं म्हणू द्यायचा.

त्याने दादाला फोन केला. दादाचं गावी स्वतःचं सुतारकामाचं दुकान. ते बंद ठेवून तो चार दिवस कचेरीत खेटे घालत राहिला आणि जुन्या वहीतून जन्माचा दाखला काढलाच. रजेवरून परतणाऱ्या एका रंगाऱ्याच्या हाती तो आला. मिस्त्रीने इस्त्रीचा शर्ट घातला, दाखल्याचं भाषांतर करून घेतलं आणि परमिटच्या ऑफिसात रांगेत उभा राहिला. आज त्याची छाती फुगली होती. आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे खरा कागद होता.

काउंटरवरच्या बाईने दाखला वाचला, पासपोर्ट उघडला, पुन्हा दाखला वाचला. मग आवाज खाली आणून तिने सावकाश समजावलं. हा दाखला खरा धरला तर पासपोर्टवरची तारीख खोटी ठरते, आणि त्या तारखेवर घेतलेली तेरा परमिटंही. चौकशी लागेल, कदाचित केससुद्धा. मालकालाही जाब द्यावा लागेल. शिक्का तिच्या हातातच होता. तो तिने बाजूला ठेवला आणि दाखला काचेखालून परत सरकवला.

"हा कागद मी अजून पाहिलेला नाही," ती म्हणाली.

मिस्त्रीला बाईचा राग आला नाही. तिने त्याला आगीतून फुफाट्यात पडू दिलं नव्हतं. बाहेर पायरीवर बसून त्याने दाखल्याची घडी खिशात घातली. खरं वय खिशात, आणि उपयोग शून्य. लेकीला काय सांगायचं, ते त्याला सुचेना. म्हणून त्याने दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

दादाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नेहमी याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलणारा माणूस.

"वय बाबांनी नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. "ते त्या दिवशी कामावर होते. मी सांगितलं."

"तू?"

"तुझं रडणं ऐकवत नव्हतं मला. वाटलं, दोन वर्षांनी काय बिघडतंय. माझंच वय सांगून टाकलं. आता ती दोन वर्षं माझ्याकडून वसूल कर. दुकानात ये. मोठी करवत नुसती भिंतीला टांगलेली आहे, एकट्याला ओढता येत नाही ती. पोरीचं शिक्षण दोघं मिळून बघू."

रस्त्यापलीकडच्या शाळेतून घंटा ऐकू आली. तिथले बाकही याच्याच हातचे होते.

"जागा धरलीयेस का?" मिस्त्रीने विचारलं.

"केव्हाची. पण या खेपेला रडत येऊ नकोस."

मिस्त्री तोवर रडायला लागलाच होता.