अंड्यांना चार प्रश्न

एका घराने महिन्याभरात काय खाल्लं, काय अंगावर घातलं, काय जाळलं आणि काय देऊन टाकलं, हे विचारणाऱ्या फॉर्मला एकशे चार पानं होती आणि त्यांत तीनशे बारा वस्तू. प्रत्येक वस्तूपुढे पहिला प्रश्न एकच: घेतली का? "नाही" आलं की पुढची वस्तू. "हो" आलं की आणखी चार प्रश्न: किती, कितीला, कुठून आणि घरातल्या कोणी वापरली. फॉर्म तयार करणारी माणसं हुशार होती. हो म्हणणारा अडकतो आणि नाही म्हणणारा सुटतो, एवढंच त्यांच्या लक्षात यायचं राहिलं. लोकांच्या ते पहिल्याच भेटीत लक्षात आलं.

प्रत्येक घराला दोन भेटी द्यायच्या, तीन महिन्यांच्या अंतराने. पाहणीवालीकडे वीस घरं होती. ऑफिसात तिला सगळे पाहणीवालीच म्हणत. नोकरी कराराची असली की नाव पाठ करण्याची तसदी कोण घेतो? पहिल्या भेटीला एकेका घरात तिचे दोन तास गेले. दुसऱ्या भेटीत सात घरं अर्ध्या तासात आटोपली. कागदावर पाहिलं तर त्या सात कुटुंबांनी तीन महिन्यांत दूध, साबण, बस आणि खोकल्याचं औषध सोडलं होतं आणि ती हवेवर जगत होती.

हे फॉर्म तपासणाऱ्या साहेबांना त्यांच्या माघारी 'सरासरी' म्हणत. आकडा सरासरीच्या वर गेला की त्यांना शंका यायची आणि खाली आला की खात्रीच पटायची.

"बाई, ही सात घरं कुठे बसून भरलीत?"

"त्यांच्याच घरी, साहेब."

"अर्ध्या तासात? पाणी पिण्यातच पंधरा मिनिटं जातात."

"दुसऱ्या भेटीला पाणी विचारत नाहीत. ओळख झालेली असते ना."

साहेब हसले नाहीत. पाचच्या वर फॉर्म संशयास्पद निघाले की करार वाढत नसे, आणि तिचा करार महिन्याअखेर संपत होता. घरात कमावणारी ती एकटीच. तिच्याच घरी पाहणी झाली असती तर 'कमावत्या व्यक्ती' या रकान्यात एक लिहावा लागला असता, तोही पेन्सिलीने.

"यातलं एक घर मी निवडतो," साहेब म्हणाले. "उद्या माझ्यासमोर पुन्हा भरा. कुणाच्या पोटावर पाय द्यायची मला हौस नाही. पण पाय ठेवायला दुसरी जागाही दाखवा."

साहेबांनी निवडलं ते घर चौथ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. लिफ्टवर बंदची पाटी होती आणि पाटीवर धूळ होती. दार त्या घरच्या काकूंनी उघडलं. त्या बटाटे सोलत होत्या. सुरी हातातच होती.

"परत? परवा तर झालं."

"साहेबांना बघायचंय, काकू."

"मला?"

"फॉर्म."

काकू स्टुलावर बसल्या आणि पुन्हा सोलायला लागल्या. काका आतल्या खोलीत रेडिओची बॅटरी बदलत होते. साहेबांनी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं.

"दूध?"

"नाही."

शेगडीवर दूध तापत होतं. साहेबांनी तिकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं.

"ते शेजारणीचं आहे," काकू म्हणाल्या आणि उठून गॅस बारीक केला.

"ब्रेड?"

"नाही."

"अंडी?"

"नाही."

"अगं, परवा डझनभर आणली ना मी?" आतून काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. अंड्यांना चार प्रश्न आहेत."

"बरं, मग नाही," काका म्हणाले.

साहेब खाकरले. "काकू, खरं सांगायला हवं. यावरून सरकार बरंच काही ठरवतं."

"ठरवू दे की. मागे मी या बाईंना सगळं खरं सांगितलं. बूट शिवून आणले म्हटलं, तर कोणाचे, कुठून, कितीला, आणि घालतं कोण! दुसऱ्याचे बूट मी घालते का? दोन तास बसले होते. भाजी करपली. त्या भाजीचा खर्च कुठल्या पानावर धरलात तुम्ही?"

साहेबांनी फॉर्मची चार पानं उलटून पाहिली; करपलेल्या भाजीला रकाना नव्हता. पुढच्या तीनशे वस्तू काकूंनी सपासप नाकारल्या. बॅटरीलाही नाही म्हणाल्या, तेव्हा आत काकांच्या हातून काहीतरी पडलं. घड्याळात एकोणतीस मिनिटं झाली होती.

"म्हणजे तुम्ही घरी बसून भरलं नव्हतं," साहेब हळूच पाहणीवालीला म्हणाले.

"मग सुटले ना, साहेब?"

"कशा सुटाल? घर खरं, भेट खरी, फॉर्म खोटा. दूध माझ्या डोळ्यांसमोर उतू जायला आलं होतं, बाई. हा संशयास्पदच. आणि बाकीचे सहा याच्याच जातकुळीचे असणार."

पाहणीवालीने पिशवीतून दुसरा कोरा फॉर्म काढला. एकेक पान ती मधोमध दुमडत गेली; हो-नाहीचा रकाना तेवढा वर राहिला, बाकी चार प्रश्न घडीत गेले. साहेब नुसते बघत राहिले.

"काकू, आत्ता बाकी काही विचारत नाही. नुसतं हो की नाही, एवढंच."

"एवढंच?"

"आत्ता एवढंच. दूध?"

"हो. रोज लिटरभर—"

"लिटर नको. नुसतं हो."

"मग हो." काकूंचा चेहरा उजळला. माणसाला हो म्हणायला आवडतं. पुढचं आवडत नाही. ब्रेड हो, अंडी हो, साबण दोन प्रकारचे, केसांचा रंग हो. पण तो कोणाचा हे त्या न विचारता सांगायला लागल्या आणि आतून काका खोकले. थोड्या वेळाने काका स्वतःच दारात येऊन उभे राहिले.

"छत्री घेतली आपण," ते म्हणाले.

"छत्री अजून आली नाही, काका. आपण तेलात आहोत."

तीनशे बारापैकी एकशे एकतीस वस्तूंना हो मिळालं. मग पाहणीवालीने पहिल्या पानाची घडी उलगडली. काकूंची सुरी थांबली.

"हे काय?"

"आता चार प्रश्न, काकू."

"दिसतेस साधी, पण पक्की आहेस हं तू."

"हो तुम्हीच म्हणालात. मी पेनने लिहिलंय."

काकू विचारात पडल्या. नाही म्हणणं निराळं, आणि परक्या माणसासमोर म्हटलेलं हो फिरवणं निराळं. इतका खोटेपणा त्यांच्या अंगात नव्हता. त्यांनी बटाट्यांचं पातेलं बाजूला सारलं. "अहो, बसा इथे," त्या काकांना म्हणाल्या. "अंडी तुम्ही आणलीत, तुम्हीच सांगा." दोन तासांना दहा मिनिटं कमी असताना फॉर्म संपला.

साहेब खाली येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि नियमांची पुस्तिका काढली. त्यांना तो नियम पाठ होता, तरी काढली. प्रश्न छापील क्रमानेच विचारावेत. क्रम बदलल्यास फॉर्म बाद आणि भरणाऱ्याचा करार रद्द.

"हा क्रमाने भरलेला आणि खोटा. तो खरा आणि क्रम मोडलेला. कुठला पाठवू?"

"मी काय सांगू, साहेब? सही तुमची."

"आणि पोट तुमचं."

बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. शेवटी खऱ्या फॉर्मच्या शेऱ्यात लिहिलं: 'क्रम बदलला. माझ्या सूचनेवरून.' बाकीच्या सहांवर लिहिलं: 'भेटी झाल्याची खात्री केली.'

पाहणीवालीने ते वाचलं. "पण साहेब, सूचना तर तुम्ही—"

"वाचता येतं ना तुम्हाला? मग वाचा आणि गप्प बसा."

एकशे चार पानांत तेवढी एक नोंद सोडली तर बाकी सगळं खरं होतं. बुटांबाबत काकांनी थोडं हातचं राखलं असेल.

मुख्य ऑफिसचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. क्रम मोडलेला फॉर्म बाद. ते घर यादीतून वगळून शेजारचं घ्यावं. तपासनिसाला लेखी समज. सहा फॉर्म छापील क्रमाने भरलेले असल्याने स्वीकारले. बाद फॉर्म एकच, म्हणून करार एक वर्ष वाढवला.

"सहा खोटे चालले आणि खरा तेवढा गेला," पाहणीवाली म्हणाली.

"तुमचं काय गेलं? वर्ष मिळालं ना?"

"तुम्हाला समज मिळाली, साहेब."

"मला तीन वर्षांतून एकदा मिळतेच," साहेब म्हणाले. "सरासरी आहे." ऑफिसातलं नाव त्यांना ठाऊक होतं, हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चौथ्या मजल्यावर गेली, काकूंच्या शेजारच्या दाराशी. शेजारणीने दार अर्धंच उघडलं आणि कडीवरचा हात काढला नाही.

"काकूंनी सगळं सांगितलंय. आधी गोड बोलून हो म्हणायला लावता आणि मग कागद उलगडता. आमच्याकडे काही नाही. लिहा, तीनशे बारा वेळा नाही."

"बरं. तुम्हाला वेळ किती आहे?"

"अर्धा तास. त्यावर एक मिनिट नाही."

पाहणीवालीने नियम मनातल्या मनात चाळले. क्रम मोडू नये असं होतं. एका बैठकीत संपवावं असं कुठेच नव्हतं. आजवर तिने तसं करून पाहिलं नव्हतं, कारण एकेका घराला चार चार फेऱ्या घालायला तिच्याजवळ महिने नव्हते.

"मग आज अर्ध्या तासात होईल तेवढंच, छापील क्रमाने. उरलेलं उद्या."

"उद्या मी घरी नाही."

"परवा येते."

"परवाही नसेन."

"चालेल. पुढच्या आठवड्यात बघू. माझा करार वर्षाचा झालाय."

शेजारणीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वर्षभर येणार तू?"

"लागलं तर."

शेजारणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कडीवरचा हात काढला आणि स्टूल पायाने पुढे सरकवलं.