सातवा खर्डा

क्षिप्राने तिसरं पान उलटलं, तशी सुलेखाबाईंच्या हातातली चवळीची शेंग कटकन मोडली.

"थांब जरा. हे तू सांगतेस की रेटतेस?"

परदेशात, क्लेमेंटी नावाच्या उपनगरातल्या त्या भाड्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि उभं राहण्यापुरती जागा. उद्या युनिव्हर्सिटीत क्षिप्राला आपल्या प्रबंधावर बोलायचं होतं. विषय दीडशे वर्षांपूर्वीचा एक रशियन लेखक. आज ती तेच आईला मराठीत ऐकवत होती. सुलेखाबाईंनी तीस वर्षं गावोगाव कीर्तनं केली. मागे झांज धरणारी लेक एक दिवस म्हणाली, मला कीर्तन करायचं नाही. त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी तिच्या अभ्यासाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ऐकतेस का, हे आज क्षिप्रानेच विचारलं होतं.

"तुझ्या या रशियनाच्या गोष्टींत देव कुठेय?"

"नाहीये. तो मानतच नव्हता."

"बरं." त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या. "मग चार वर्षं कशापायी घालवलीस?"

क्षिप्राने कागद टेबलावर पालथे ठेवले.

"त्याची आजी भूदास होती, आई. जमिनीबरोबर माणसंही विकायचे तेव्हा. मालकाच्या कारभाऱ्याने तिला चाबकाने फोडून काढलं होतं. मोठेपणी याने त्या कारभाऱ्यावर गोष्ट लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात तो नुसता राक्षस. दुसऱ्यातही तेच. खोडून खोडून कागद फाटलेत, मी पाहिलेत ते. सातव्या खर्ड्यात कारभारी घरी येतो, चाबूक खुंटीला लावतो आणि धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन तिची नखं कापतो. तिला लागू नये म्हणून श्वास रोखून."

खाली बस थांबली आणि गेली.

"आणि आजी?"

"आजीच्या पाठीवरचे वळ आधीच्याच पानावर आहेत. एकही पुसला नाही त्याने."

सुलेखाबाई उठल्या. हात धुऊन आल्या, पदर सारखा केला आणि वाकून त्यांनी लेकीच्या पायांवर डोकं टेकवलं.

"आई! अगं, हे काय!"

"गप. कीर्तनाला उभा राहतो तो नारद. त्याचं वय बघत नाहीत."

"पण हे कीर्तन कुठे..."

"ते मला शिकवू नकोस."

त्या पलंगावर परत गेल्या नाहीत. तिथेच खाली फरशीवर त्यांनी मांडी घातली.

"हं. नखं कापून झाली. पुढे?"