नखाएवढी फट

पुरुषांचे तीसच्या तीस कागद गोड बोलत होते, आणि तिथेच तिला खटकलं.

हातापायांच्या भेगांवरचं मलम. बाईनेही लावावं, बुवानेही लावावं असं. त्याच्या खोक्याचा घाट, चित्र, सगळं तिचं. पहिल्या फेरीत लोक म्हणाले, गुलाबी बायकी दिसतं. दुसऱ्या फेरीत म्हणाले, काळं म्हणजे दाढीचं सामान. मग तिने ओल्या मातीचा रंग काढला, वेलबुट्टी पुसली, आणि तीस घरी खोकं आणि मत लिहायचे दोन-दोन कागद धाडले. एक नवऱ्याचा, एक बायकोचा. आता जो तो म्हणत होता, ‘सुबक आहे, आवडलं.’ सोमवारी छपाई. गेल्या वर्षी तिचं एक काम दुकानांतून परत आलं होतं. हेही आलं, तर खुर्ची गेलीच म्हणायची.

सुबक? कुठला पुरुष खोक्याला सुबक म्हणतो? अक्षर पाहावं तर नवराबायकोचं एकच. कागद गोळा करून आणणाऱ्या विक्रीवाल्याला सगळे बोका म्हणत. चेहरा नेहमी नुकतंच दूध प्यायल्यासारखा.

“तूच भरलेस ना घरी बसून?”

“मी? ताई, माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही! चला, म्हणाल ते दार ठोठावतो.”

तिने त्याला न विचारता गठ्ठ्याच्या पोटातला कागद ओढला. घर निघालं एका वेल्डरचं.

“अहो, ह्यांचाही मीच भरला,” वेल्डरची बायको म्हणाली. “घरातला कुठला कागद पुरुष भरतो, सांगा बरं?”

बोका मिशीतल्या मिशीत हसला. ती ओशाळली. पण संशय कावळ्याच्या जातीचा. बोक्यावरून उडाला आणि तिच्याच खोक्यावर जाऊन बसला.

वेल्डर हात पुसत आला. तळहात आटलेल्या तळ्यासारखे तडकलेले.

“मलम लावलं नाहीत?”

“ते हिचं आहे ना?”

“कुणी सांगितलं? रंग आवडला नाही का?”

“रंग चांगलाय की.” त्याने खोकं घेतलं, झाकणाच्या फटीत अंगठा घालू गेला. फट नखाएवढी, अंगठा खुंटाएवढा. दोनदा फिरवून त्याने ते बायकोपुढे धरलं. बायकोने नखाने टक्कन उघडून दिलं.

“बघा,” तो म्हणाला, “हिचंच आहे.”

खोकं बनवणारीने स्वतःच्या लांब नखांकडे पाहिलं, आणि मुठी मिटल्या. तिन्ही फेऱ्यांत तिने रंगच विचारले होते.

“एवढं कागदावर लिहा. तुमच्या हाताने.”

“‘छान’ लिहा हो,” बायको कुजबुजली, “बाई पायपीट करून आल्यात.”

“छपाईवाल्याला शब्द दिलाय, ताई,” बोक्याने तिच्या कानाशी गुणगुण लावली.

वेल्डरचं पेन अडलं. तो बायकोकडे पाहू लागला, तशी ती पुढे होऊन त्याच्या आणि बायकोच्या मध्ये उभी राहिली. पेन हललं. ‘उघडत नाही.’

तिने कागद उजेडात धरून अक्षर दोनदा पारखलं.

“बोक्या, छपाई थांबव. आणि पुढचं घर कुठलं?”